नऊ पानांचं एक पान

राजकुमार शेजवळ पहिल्या मुलाखतीला गेला तेव्हा त्याचा बायोडेटा चार पानांचा होता. चौदा वर्षांनी तो नऊ पानांचा झाला. लातूर, नांदेड, बीड, परभणी, जिथं मराठीच्या प्राध्यापकाची जागा निघायची तिथं तो जायचा. समोरचे लोक पानं उलटायचे, "वा, बरंच काम आहे तुमचं," म्हणायचे आणि जागा दुसऱ्याला मिळायची. घरी येऊन राजकुमार बायोडेटा पुन्हा वाचायचा. आपलंच काहीतरी कमी पडलं असं त्याला वाटायचं. मग वर्षभरात तो आणखी एक शोधनिबंध लिहायचा, एक-दोन चर्चासत्रांना जायचा, आणि बायोडेटा पाव-अर्ध्या पानानं वाढायचा.

ही चौदा वर्षं तो संभाजीनगरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. घेतले तेवढ्याच तासांचं मानधन, आणि दर जूनला नवा अर्ज. या जूनमध्ये प्राचार्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, तेव्हाच तो समजला. प्राचार्यांनी एरवी कधी चहा मागवला नव्हता.

"बी.ए.ला मराठी घेणारी अकरा मुलं राहिलीत, शेजवळ सर," ते म्हणाले. "अकरा मुलांना कायमचे दोन सर पुरे झाले. माझ्या हातात असतं तर..."

राजकुमारनं चहा संपवला. स्टाफरूममधल्या कप्प्यातून खडूचा डबा, दोन पुस्तकं आणि एक छत्री काढली आणि तो घरी आला. त्याची बायको निशा बालवाडीत शिकवायची. तिनं छत्री पाहिली, डबा पाहिला, आणि छत्री नेऊन दारामागं अडकवली.

पुढच्या रविवारी आकाश भेटायला आला. आकाश त्याचा जुना विद्यार्थी. कॉलेजात आला तेव्हा वर्गात उभं राहून स्वतःचं नाव सांगायलाही घाबरायचा. राजकुमारनं त्याला वर्षभर रोज एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला होता. आता तो वाळूजच्या एका कारखान्यात माणसं भरतीच्या विभागात होता.

"जयभीम सर," म्हणत तो खाटेच्या कडेवर बसला. राजकुमारनं नऊ पानं त्याच्या हातात दिली. आकाशनं ती सगळी वाचली. एकही ओळ सोडली नाही. मग पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली.

"सर, हे फार मोठं आहे."

"किती पाहिजे?"

"एक पान."

राजकुमारला वाटलं, पोरगा गंमत करतोय. "एका पानात नाव, पत्ता आणि शिक्षणच बसतं रे."

"तेवढंच बघतात सर. आमच्याकडं एका जागेला दोनशे अर्ज येतात. मीच छाटतो. दुसरं पान असलं तर मी उलटतसुद्धा नाही. खरं सांगतो."

निशा दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन पानं नाही का चालणार? चौदा वर्षांचं काम आहे त्यांचं."

"मोठ्या साहेबाच्या जागेला चालतात मॅडम. सरांना आत्ता जी मिळू शकते ती गोडाऊनमधली क्लार्कची आहे. माझ्या ओळखीचं आहे ते गोडाऊन, लगेच माणूस पाहिजे त्यांना. आणि सर, रागावू नका. पीएचडी काढा त्यातून. एम.ए. पण काढा. बी.ए. ठेवा, बस."

"का?"

"पीएचडी दिसली की म्हणतात, हा टिकणार नाही. नाहीतर म्हणतात, आपल्यालाच शिकवत बसेल. फाइल बाजूला." तो जमिनीकडं बघत होता. "मी हे तुम्हाला सांगायलोय. मलाच लाज वाटायली सर."

"तू कशाला लाजतोस?" राजकुमार म्हणाला. "चांगलंच सांगतोयस."

पण ती पीएचडी म्हणजे नुसती पदवी नव्हती. राजकुमारचे वडील सखाराम, ज्यांना घरात आबा म्हणत, लासूर स्टेशनच्या बाजारात हमाली करत. आई, मुक्ताबाई, शेतात मजुरीला जायची आणि पहाटे दळताना ओव्या म्हणायची. राजकुमारनं प्रबंध लिहिला तो या ओव्यांवर. गंगापूर तालुक्यातल्या एकतीस बायकांच्या ओव्या त्यानं गावोगाव फिरून गोळा केल्या. पहिली बाई त्याची आईच होती. तिच्या अठ्ठावन्न ओव्या पुस्तकात होत्या, तिच्या नावानं. पदवीच्या दिवशी तिनं तो जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांत तोलून पाहिला आणि म्हणाली, "आबाच्या पोत्यापरीस हलकं हाय. पर लई साल वाहिलंस रं राजू." त्या दिवसापासून गावात ती कुणालाही थांबवून सांगायची की माझा धाकटा पुस्तकाचा डाक्टर हाय, सुईचा नाय.

सोमवारी राजकुमार औरंगपुऱ्यात वैजनाथकाकांच्या दुकानात गेला. काकांचं डीटीपीचं दुकान होतं, गल्लीच्या टोकाला, दोन संगणक आणि एक प्रिंटर. प्रबंधाची चारशे बारा पानं काकांनीच टाइप केली होती. काका शुद्ध भाषेतले, वडील कचेरीत कारकून होते त्यांचे. ओव्या टाइप करताना ते दर पानाला अडायचे. 'लई' की 'लय'? 'व्हय' की 'होय'? मग राजकुमार दुकानातून आईला फोन लावायचा आणि मुक्ताबाई, जिला अक्षर येत नव्हतं, ती फोनवरून निकाल द्यायची, "म्या म्हणलं तसं लिव्हा म्हणावं त्यास्नी." हळूहळू काका स्वतःच म्हणायला लागले, "जरा मुक्ताबाईंना विचारा."

"काय भर घालायची यंदा?" काकांनी फाइल उघडत विचारलं.

"भर नाही काका. एक पान करायचंय."

काकांनी चष्मा वर केला. राजकुमारनं सगळं सांगितलं. काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि म्हणाले, "सांगा कुठून सुरू करू."

आधी चर्चासत्रं गेली. तेवीस होती, दोन पानं मोकळी झाली. मग सतरा शोधनिबंध. मग आकाशवाणीवरची भाषणं, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं, पेपर तपासणीची वर्षं. काका प्रत्येक वेळी विचारायचे, "हेसुद्धा?" आणि राजकुमार म्हणायचा, "हो." एमएससीआयटीचा कोर्स नवव्या पानावर अगदी तळाला होता, तो उचलून वर आणला, कारण गोडाऊनमध्ये संगणकावर नोंदी असतात असं आकाश म्हणाला होता. कॉलेज लिहिलं तर एम.ए. उघड झालं असतं, म्हणून चौदा वर्षांच्या जागी एक ओळ आली: खाजगी शिकवणी वर्गात अध्यापन. हे वाक्य सांगताना राजकुमारचा आवाज खाली गेला.

तरीही चार ओळी दुसऱ्या पानावर उतरत होत्या. काकांनी समास कमी केला. अक्षर बारीक केलं. "याहून बारीक केलं तर भिंग लागेल," ते म्हणाले. त्या चार ओळी पीएचडीच्या होत्या. राजकुमारनं त्या मुद्दामच शेवटी ठेवल्या होत्या. दोन ओळी तर नुसत्या विषयाच्याच होत्या: गंगापूर तालुक्यातील बौद्ध स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या, संकलन आणि अभ्यास.

"त्या काढा," राजकुमार म्हणाला.

वैजनाथकाकांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "सर, एवढं मला सांगू नका. एक-एक अक्षर बसवलंय मी त्याचं. तुम्हाला काढायचं तर तुम्ही काढा."

राजकुमार वाकला. ओळी निवडल्या आणि बटण दाबलं. दुसरं पान नाहीसं झालं. नावाच्या आधीचं 'डॉ.' राहिलं होतं, तेही त्यानंच काढलं.

"जुनी फाइल राहू द्या काका," तो म्हणाला.

"ती कुठं जातेय?" काका म्हणाले, आणि प्रिंट काढायला उठले. पाठ वळवून ते प्रिंटरपाशी उगाच थोडा वेळ जास्त उभे राहिले.

गोडाऊन वाळूजला होतं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. मुलाखत घेणारा केयूर नावाचा मॅनेजर तिशीच्या आतला होता. वागायला नम्र. त्यानं पान हातात घेतलं आणि एका नजरेत संपवलं.

"एका पानात आणलंत, बरं झालं. लोक चार-चार पानं आणतात. चौदा वर्षं एकाच क्लासमध्ये होता?"

"हो सर."

"मग सोडलं का?"

"मुलं कमी झाली."

"तुमची मराठी फार छान आहे हो," केयूर म्हणाला. "पत्रव्यवहारही तुम्हीच बघा मग. सोमवारपासून या."

राजकुमारला नोकरी लागली. त्या दिवशी निशानं शिरा केला. दोघांनी तो खाल्ला, आणि दोघांपैकी कुणीही पेढे वाटायची गोष्ट काढली नाही. आईला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं की आता कंपनीत आहे, बरं आहे. मुक्ताबाईनं विचारलं, "तिथं बी पोरांस्नी शिकवतुस का?" तो म्हणाला, "व्हय." हे खोटं पानावर छापलेल्या खोट्यापेक्षा सोपं गेलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

काम अवघड नव्हतं. फिकट निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र. गाडी आली की नंबर लिहायचा, माल मोजून चलन काढायचं, गेटपास द्यायचा. गोडाऊनमधली पोरं त्याला 'शेजवळ भाऊ' म्हणायची. दोन-तीन महिन्यांत त्याला 'सर' या हाकेवर मागं वळून बघायची सवय सुटली.

डिसेंबरात थोरल्या भावाचा, कडूबाचा फोन आला. कडूबा लासूर ते गंगापूर जीप चालवायचा आणि माय त्याच्याकडंच राहायची. "राजू, मायचं काही खरं नाय," तो म्हणाला. "तव्यावर भाकर टाकती न् इसरती. काल दिवसभर आबाला जेवायला हाक मारू राहिली." आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

कडूबानं तिला शहरात आणलं. घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, हा विसरत जाण्याचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, मागं फिरणार नाही. महिनाभर तिला राजकुमारकडं ठेवायचं ठरलं.

पहिल्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा मुक्ताबाई खिडकीपाशी बसली होती. त्यानं पायातले बूट काढले, तिच्यासमोर जाऊन बसला. तिनं त्याच्या शर्टाकडं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं.

"कुठं कामाला हाईस रं बाबा?"

"माय, मी राजू."

ती हसली. अनोळखी माणसानं थट्टा केल्यावर हसतात तशी. "राजू व्हय? राजू असा नाय दिसत. त्याच्या हातात पुस्तक असतंय. त्यो डाक्टर हाय, पुस्तकाचा." मग मायेनं विचारलं, "कुठं हाईस कामाला? सांग की."

"गोडाऊनमधी," राजकुमार म्हणाला.

"चांगलं हाय. कष्टाचं हाय. माझा मालक बी पोती उचलायचा." ती पुढं सरकली. "माझा लेक दिसला तर सांग, माय आलीया म्हण. लई दिस झालं, आला नाय."

"सांगतो," तो म्हणाला आणि उठून आत गेला. निशा स्वयंपाकघरात होती. त्यानं नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. निशानं जवळ येऊन नळ बंद केला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं निळा शर्ट बाहेरच काढला. जुना पांढरा सदरा घातला आणि आत आला. उपयोग झाला नाही. कडूबाला ती ओळखायची, फोनवर त्याचा आवाजही ओळखायची. निशाला 'बाई' म्हणायची आणि तिच्या हातून गोड मानून जेवायची. राजकुमार मात्र तिच्यासाठी गोडाऊनमधला माणूस होता, भला, जरा गप्प-गप्प राहणारा. आपल्या धाकट्याचं सगळं कौतुक ती त्याला सांगायची. लेकरू दिव्यापाशी कसं वाचायचं. पहिला नंबर आला तेव्हा आबांनी बाजारात कसं सगळ्यांना सांगितलं. फोनवरून ती शब्द कसे सांगायची. राजकुमार ऐकायचा आणि मधूनमधून 'व्हय का?' म्हणायचा.

एका रविवारी दुपारी त्याला सुचलं. त्यानं कपाटावरून प्रबंध काढला, तिच्याशेजारी बसला आणि तिच्या ओव्या वाचायला लागला. आवाज चालीत लावायचा प्रयत्न केला. मुक्ताबाई ताठ बसली. दुसऱ्या ओवीला तिचे ओठ हलायला लागले, तिसरी तिनं त्याच्याबरोबर म्हटली. राजकुमारला वाटलं, आता वळेल, आता ओळखेल.

चौथ्या ओवीला ती थांबली. तिनं पुस्तकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"हे तुझ्याजवळ कसं आलं?"

"माय..."

"माझ्या लेकाचं हाय हे. त्याच्या माघारी कशाला काढलंस?" तिचा आवाज चढला होता. तिनं पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. "असं दुसऱ्याचं घेऊ नये बाबा. तू चांगला हाईस म्हणून बोलत नाय."

निशा धावत आली. "आत्याबाई, अहो, हेच ते. तुमचा राजूच आहे हा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"राहू दे निशा," राजकुमार म्हणाला. आईकडं बघून तो म्हणाला, "चुकलं माय. पुन्हा नाय घेणार."

मुक्ताबाईनं पुस्तक पदराखाली घेतलं. संध्याकाळपर्यंत ती ते सोडायला तयार नव्हती.

जानेवारीअखेर कडूबा तिला लासूरला परत घेऊन गेला. घरचा उंबरा, शेजारच्या बायका, तिथं तिला बरं वाटेल असं सगळ्यांनाच वाटलं. काही दिवस वाटलंही. मग फेब्रुवारीत तिनं अंथरूण धरलं, खाणं सोडलं. राजकुमार सकाळच्या गाडीनं लासूरला पोचला तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते आणि कडूबा दारातच बसला होता.

"वाट बघू राहिली," कडूबा म्हणाला. "डाक्टरची."

राजकुमार समजला, सुईच्या नाही, पुस्तकाच्या डॉक्टरची. तो आत गेला, तिचा हात हातात घेतला. हात हलका झाला होता, वाळलेल्या पानासारखा. तिनं डोळे उघडले.

"आला का त्यो?"

एकदा शेवटचं 'मीच तो' म्हणावं असं राजकुमारला वाटलं. पण ती पुन्हा 'नाय' म्हणाली असती, आणि हे तिचं शेवटचं 'नाय' झालं असतं.

"येतोय माय," तो म्हणाला. "गाडीत बसलाय. पोतूळ स्टेशन सोडलं गाडीनं, पुढचं लासूरच."

"मंग च्या ठिवा. थकून येईल त्यो."

"ठेवलाय."

"पुस्तक आणलंय का?"

"आणलंय. हातातच हाय त्याच्या."

तिनं मान हलवली. डोळे दाराकडं लावले. दुपार झाली. शेजारच्या द्वारकाबाई येऊन उशाशी बसल्या, त्यांनी चमच्यानं पाणी दिलं. राजकुमारनं हात सोडला नाही. दोनच्या सुमाराला मुक्ताबाई गेली, दाराकडं बघत, धाकट्या लेकाची वाट पाहत, त्याच लेकाचा हात धरून.

बाहेर आल्यावर कडूबानं त्याला मिठीत घेतलं. "शेवटाला तरी वळखलं का रं?" त्यानं विचारलं. राजकुमारनं नुसती मान हलवली, आणि कडूबानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. राजकुमारनं तो तसाच घेऊ दिला.

आईच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा, कार्यक्रम ठरला. कडूबानं गंगापूरला पत्रिका छापून घेतली आणि तिचा फोटो राजकुमारला पाठवला. राजकुमारनं तो न वाचताच रजेच्या अर्जासोबत केयूरला पाठवून दिला.

कार्यक्रम झाला आणि तो कामावर आला तेव्हा केयूरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. आईचं ऐकून वाईट वाटलं, असं म्हणाला. मग थोडं अडखळत त्यानं मोबाइल समोर धरला. पत्रिकेवर मुलांची नावं होती: कडूबा सखाराम शेजवळ, डॉ. राजकुमार सखाराम शेजवळ.

"हे डॉक्टर... तुम्हीच?"

राजकुमारनं त्या एका अक्षराकडं पाहिलं. पुष्कळ दिवसांनी ते नावाला लागलेलं दिसत होतं.

"हो सर. मराठीत पीएचडी आहे."

"बायोडेटात नव्हतं."

"एक पान करायचं होतं. त्यात नाही बसलं."

"कशावर केली?" केयूरनं विचारलं.

"माझी आई ओव्या म्हणायची. त्यावर."

केयूरनं मोबाइल खाली ठेवला. तो म्हणाला, "वरती मी काही सांगणार नाही. तुमचं काम चांगलं आहे." आणि राजकुमार दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाला, "बसायचं असेल थोडा वेळ तर बसा आत, सर."

"गाडी लागलीय," राजकुमार म्हणाला आणि बाहेर आला.

गेटवर ट्रक उभा होता. ड्रायव्हर पैठण गेटकडचा, पांढऱ्या दाढीचा माणूस होता, महिन्यातून दोनदा यायचा. राजकुमारनं रजिस्टर उघडलं आणि गाडीचा नंबर विचारला. ड्रायव्हरनं सांगितला. राजकुमारला तो लिहिता आला नाही. त्यानं पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज फुटला, आणि लासूरला न आलेलं, कार्यक्रमात न आलेलं रडू तिथं, रजिस्टरवर, सगळ्या हमालांसमोर आलं.

"क्या हुआ भाई? घर में कुछ हुआ क्या?" ड्रायव्हर खाली उतरला.

"माय गेली माझी," राजकुमार म्हणाला.

ड्रायव्हरनं त्याला खांद्याला धरून एका खोक्यावर बसवलं. ट्रकमधून पाण्याची बाटली आणून त्याच्या हातात दिली. "पियो. रो लो. ट्रक किधर नई भागरा," तो म्हणाला, आणि टेबलावरचा पेन उचलून त्यानं स्वतःच रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहायला घेतला.